सरकीसकट अनुदान

अमेरिकेत जाऊन शेती करण्याचा आपला विचार पक्का झाला असेल, तर ट्रॅक्टरच्या किमती पाहण्याची घाई करू नये. टेक्सासमध्ये लबक शहराच्या आसपास, कापूसपट्ट्यातील एखाद्या काउंटीत जमीन पाहावी. आणि पाहताना माती हातात घेऊन चुरगळण्यापेक्षा, कृषी खात्याच्या दप्तरी त्या जमिनीवर ‘बेस एकर’ किती आहेत, एवढेच विचारावे. बेस एकर म्हणजे पूर्वीच्या पेऱ्यावरून कायम केलेले कागदोपत्री क्षेत्र. देशातील सरासरी बाजारभाव कायद्यातील संदर्भ किमतीच्या खाली घसरला की या क्षेत्राच्या 85 टक्क्यांवर फरकाची रक्कम मिळते, आणि त्या वर्षी आपण तिथे खरोखर कापूस लावला होता का, हे कोणी पाहायला येत नाही. हौसेने भेंडी-टोमॅटो लावण्याचा मोह मात्र टाळावा, कारण भाजीपाल्याचे क्षेत्र ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यास ही रक्कम कापली जाते.

पीक म्हणून कापूसच निवडावा, कारण इतके लाडके पीक दुसरे नाही. 2002 मध्ये ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि निकाल अमेरिकेच्या विरोधात गेला. आता अमेरिकेला आपल्या शेतकऱ्यांचे अनुदान बंद करावे लागणार, असे एखाद्या भोळ्या माणसाला वाटले असते; परंतु 2010 मध्ये असे ठरले की अमेरिकेने वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी द्यावेत आणि घरचे अनुदान तूर्त चालू ठेवावे. 2014 च्या कायद्याने रुईला, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाला, या हमीच्या यादीतून वगळले, आणखी 30 कोटी डॉलर देऊन तंटा मिटला, आणि 2018 मध्ये कापूस पुन्हा यादीत आला. या वेळी तो रुई म्हणून आला नाही, तर सरकीसकट कापूस म्हणून आला. यवतमाळचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सरकीसकटच कापूस विकतो, पण त्या सरकीत कायद्याची एवढी मोठी पळवाट दडलेली आहे, हे त्याला कधी सुचले नाही. 2025 च्या कायद्याने या सरकीसकट कापसाची संदर्भ किंमत पौंडाला 36.7 सेंटवरून 42 सेंटवर नेली आहे, तेव्हा आपण मुहूर्त चांगला साधला आहे.

अनुदानाला दरडोई मर्यादा आहे, पण तिने खचून जाऊ नये. ती सव्वा लाख डॉलर होती, ती 2025 मध्ये 1 लाख 55 हजार झाली असून भुईमुगासाठी वेगळी मर्यादा आहे. भुईमुगाने असे काय पुण्य केले, ते विचारू नये. शिवाय भागीदारी संस्थेतील प्रत्येक भागीदाराला स्वतंत्र मर्यादा लागू होते आणि त्याने नांगर धरलाच पाहिजे असे नाही, शेतीच्या ‘व्यवस्थापनात’ सक्रिय असला तरी चालते. भागीदार घरचेच असावेत, हे उत्तम. कायद्यातील कुटुंबाची व्याख्या 2018 मध्ये पुतण्या-भाच्यांपर्यंत आणि ‘फर्स्ट कझिन’पर्यंत वाढवण्यात आली. या एका शब्दात आपल्याकडचे चुलत, मामे, मावस आणि आते असे चारही प्रकार बसतात. जमिनीच्या सीलिंगच्या वेळी ज्यांच्या आजोबांनी पाळण्यातल्या नातवंडांच्या नावे खातेफोड केली, त्यांना हे कलम समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडील पीएम-किसानची सवय मात्र विसरावी लागेल. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. सगळ्यांना मिळून वर्षाला 6000 रुपये, तेही तीन हप्त्यांत, ई-केवायसी झाल्यावर. नवऱ्यापाठोपाठ बायकोनेही अर्ज केला, तर तो गैरप्रकार ठरतो. टेक्सासमध्ये मात्र आतेभाऊसुद्धा शेतीचे व्यवस्थापन करू शकतो. तेव्हा गेल्या दिवाळीतला अबोला विसरून आत्याकडे आजच फोन करावा.