एकरी 3 गोणी युरिया आणि भात डबल? कुठल्या जमिनीत ते तरी सांगा

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, "लावणीच्या दिवशीच एकरी 3 गोणी युरिया मारा, जमीन कुठलीही असो, भात डबल, पान पिवळं दिसलं तर अजून एक गोणी." गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत लोक न वाचताच पुढे ढकलतायत. युरियातलं नत्र (नायट्रोजन) दिलं की भात वाढतो हे खरंय, उपाशी जमिनीत तर फरक डोळ्यांना दिसतो. पण पुढचं सगळं गडबड आहे.

आधी हिशोब. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे 20.7 किलो. 3 गोण्या म्हणजे एकरी 62 किलो, हेक्टरी दीडशेच्या वर. सुधारित जातींना साधारण 100 च्या आसपास सांगतात आणि तेही हप्त्यांनी, कारण लावणीच्या दिवशी रोपाने मूळसुद्धा धरलेलं नसतं, ते एवढं खाणार कसं?

आता "जमीन कुठलीही". इथेच खरी गोम आहे. युरियाचं आधी अमोनियम होतं, ते चिकण मातीला धरून राहतं. खेर जमिनीत रेती जास्त, तिथे धरायला फारसं काही नाही, त्यात मध्येच पाऊस थांबून शेत सुकलं की अमोनियमचं नायट्रेट होतं आणि परत पाणी भरलं की ते एकतर खाली झिरपतं नाहीतर वायू होऊन उडून जातं. भरल्या शेतातसुद्धा टाकलेल्या नत्रातलं पिकाला बहुतेक वेळा निम्म्याहून कमीच मिळतं. म्हणून रेताड जमिनीत थोडं थोडं, जास्त वेळा. उलट शेणखत, पालापाचोळा मुरलेल्या जमिनीतून पिकाला आपोआप नत्र मिळत असतं, तिथे 3 गोण्या ओतल्या तर पीक काळंहिरवं होऊन लोळतं आणि करपा, तुडतुडे आयतेच येतात.

खाजनाचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताचं, तर वेगळंच. मानस, म्हणजे बांधातलं पाणी आतबाहेर सोडायचं दार, गळली, खारं पाणी आत आलं की रोपाला पाणीच नीट ओढता येत नाही, मातीतला खार 3 डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या (खारटपणाचं माप) वर गेला की भाताचं उत्पन्न घसरायला लागतं. त्यावर युरिया हा इलाजच नाही, आधी पावसाने खार धुऊन जायला हवा आणि बांध, मानस धड हवी. आणि कोरगुट, खाजनातला आपला पारंपरिक भात, मुळातच उंच वाढणारा, त्याला 3 गोण्या म्हणजे आडवा पाडायचीच व्यवस्था.

पिवळं पान म्हणजे युरिया कमी, हेही अर्धवट. नत्र कमी असेल तर जुनी, खालची पानं आधी पिवळी पडतात. गंधक कमी असेल तर कोवळी पानं. आपल्या तांबड्या जमिनीच्या सखल कोपऱ्यात तर पानांवर तपकिरी ठिपके येतात आणि पाण्यावर तेलासारखा तवंग दिसतो, काडीने ढवळून बघा, त्याचे तुकडे पडून ते तसेच राहिले तर ते तेल नाही, लोह आहे. तिथे पाणी काढून शेत थोडं सुकवावं लागतं, गोणी नाही.

अजून एक, मेसेजमध्ये हंगामाचा पत्ताच नाही. पावसाळी भाताला ढगांमुळे ऊन कमी, त्यामुळे तेवढंच नत्र टाकून वायंगणीएवढा (पावसाळ्यानंतरच्या हंगामातल्या भाताएवढा) दाणा भरत नाही. ज्याने लिहिलं त्याने बहुतेक उन्हाळी, ओलिताखालचं, चिकण मातीचं शेत बघून लिहिलं असावं. आपल्याकडे एकाच गावात तीन तऱ्हेची शेतं असतात राव.