पेपर तपासले, गुण भरले. पुढे काय?

वर्षाच्या सुरुवातीला मुलांना आधीचं किती येतं ते बघणारी पायाभूत चाचणी झाली की शिक्षकांच्या ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते, "गुण भरले का?" कोणत्या मुलाचं नेमकं काय चुकलं, हे कुणी कुणाला विचारत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मी पाचवीला गणित शिकवते. दशांश अपूर्णांक सुरू करायच्या आधी अर्ध्या कागदावर चार-पाच प्रश्न देते. गुण नाहीत, कुठे नोंद नाही. त्यातला एक प्रश्न ठरलेला: ०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती? पहिल्या वर्षी बहुतेकांनी ०.३५ लिहिलं. नुसती फुली मारली असती तर 'दशांश येत नाही' एवढंच कळलं असतं. एकेकाला जवळ बसवून विचारलं, "कसं ठरवलंस रे?" तर म्हणे, "बाई, पाचापेक्षा पस्तीस मोठे ना!" आणि मग लक्षात आलं, आपण मोठी माणसंच 'पॉइंट पस्तीस' असं वाचतो. मूल बिचारं ऐकलं तेच धरून चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी पाठ्यपुस्तक मिटलं आणि शंभर चौकटींचा कागद काढला. पाच दशांश म्हणजे पाच उभ्या पट्ट्या रंगवा. पस्तीस शतांश म्हणजे साडेतीनच पट्ट्या! वर्गातला "अरेच्चा" अजून कानात आहे.

पण खरी गंमत बरोबर उत्तरांत सापडली. एका मुलीने ०.५ बरोबर लिहिलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, "जितके जास्त आकडे, तितकी संख्या लहान." तिला ०.४ आणि ०.६२ दिले असते तर तिने ०.४ मोठी म्हटली असती. म्हणजे कागदावर बरोबरची खूण, आणि समज चुकीची. तेव्हापासून मी दोन्ही जोड्या विचारते.

शिकवून झाल्यावरच्या चाचणीत मी एकदा मोठी चूक केली. तोच कागद पुन्हा दिला. जवळजवळ सगळ्यांचं बरोबर आलं, मी खूश. आठवड्याने आकडे बदलले, तर कितीतरी मुलं पुन्हा अडखळली. त्यांना उत्तरं लक्षात राहिली होती, दशांश नाही. आता कल्पना तीच ठेवते, आकडे आणि संदर्भ बदलते.

२०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्य सरकारचा कार्यक्रम आला तेव्हा पायाभूत चाचणीमागचा विचार हाच होता: मूल कुठे आहे ते बघा आणि तिथून शिकवा. आता आधी पायाभूत, मग सत्राअखेरच्या संकलित एक आणि संकलित दोन असं चाचण्यांचं चक्र आहे. विचार चांगलाच आहे. पण त्यातून वरच्या कार्यालयात पोचते ती फक्त वर्गाची सरासरी. "पायाभूतला गुण देताना हात आखडता ठेवा, म्हणजे संकलितला प्रगती दिसेल," हा सल्ला मी स्वतः ऐकलाय. असं केलं तर त्या मुलाचं जे अडलंय ते तसंच पुढच्या इयत्तेत जातं.

माझी मागणी छोटी आहे. चाचणीनंतर दोन दिवस फक्त उत्तरपत्रिका घेऊन मुलांशी बोलायला मिळावेत. माहिती नंतर भरू.

पुढच्या महिन्यात कोन सुरू करतेय. माझ्याकडे एकच प्रश्न आहे: लांब भुजांचा लहान कोन आणि आखूड भुजांचा मोठा कोन शेजारी काढायचे आणि मोठा कोणता ते विचारायचं. बरीच मुलं भुजांची लांबी बघून सांगतात. तुमच्याकडे अजून एखादा असेल तर खाली लिहा, मला हवाच आहे.