'गाडी गर्दीत शिरली' असं लिहू नका

'गाडी गर्दीत शिरली आणि एका महिलेचा मृत्यू झाला.' या धाटणीचं वाक्य वाचलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. १२ ऑगस्ट २०१७ च्या दुपारी, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, शार्लट्सव्हिलच्या फोर्थ स्ट्रीट नावाच्या अरुंद रस्त्यावर वीस वर्षांचा एक तरुण गाडी घेऊन आला. समोर वर्णद्वेषाविरुद्ध घोषणा देत चाललेली माणसं त्याला दिसत होती. तो थांबला. त्याने गाडी मागे घेतली. मग वेग घेऊन त्या माणसांवर घातली. हेदर हायर या ३२ वर्षांच्या मुलीला त्याने ठार केलं आणि कितीतरी जणांना जायबंदी केलं. हे कॅमेऱ्यांत आलं, खटल्यात ज्यूरीपुढे दाखवलं गेलं. गाडी शिरली नाही, घातली.

आज हे लिहायचं कारण असं, की परवा एका ठिकाणी हा विषय निघाला आणि एक शिकलेले, एरवी समजूतदार गृहस्थ म्हणाले, "दोन्हीकडचे माथेफिरू भिडले आणि मधल्या मधे एक पोरगी गेली." त्यांना वाईट वाटत होतं, याबद्दल मला शंका नाही. पण त्या वाक्यातली 'भिडले' आणि 'गेली' ही दोन्ही क्रियापदं खोटी आहेत. तिथे मला नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

वाद पुतळ्याचा होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैन्याचा सेनापती रॉबर्ट ली, त्याचा पुतळा गावातल्या बागेत १९२४ मध्ये बसवला, म्हणजे युद्ध संपून जवळजवळ साठ वर्षांनी. २०१६ मध्ये झायाना ब्रायंट या शाळकरी कृष्णवर्णीय मुलीने तो हटवा म्हणून अर्ज केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर परिषदेने तीन विरुद्ध दोन मतांनी तसा ठराव केला. त्याला विरोध म्हणून देशभरातले गोरे वर्चस्ववादी ऑगस्टमध्ये तिथे जमले. ११ तारखेच्या रात्री ते मशाली घेऊन व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात शिरले. 'ज्यूंना आमची जागा घेऊ देणार नाही' अशा घोषणा देत त्यांनी विद्यापीठाचा संस्थापक जेफरसन याच्या पुतळ्याभोवती उभ्या असलेल्या तीसेक विद्यार्थ्यांना घेरलं आणि मारलं. दुसऱ्या दिवशी ढाली, काठ्या, हेल्मेटं. पोलीस बघत उभे. टिमोथी हीफी या माजी सरकारी वकिलाने पुढे केलेल्या स्वतंत्र चौकशीत पोलिसांची ही ढिलाई स्पष्ट नोंदवली आहे. त्या अहवालातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. फोर्थ स्ट्रीटच्या तोंडाशी वाहनं अडवायला एकच महिला पोलीस नेमली होती. गर्दीत आपण एकटी पडलो अशी तिला भीती वाटली, तेव्हा तिला तिथून हलवलं. मागे राहिला एक लाकडी अडथळा. तेवढाच.

आता त्यानंतर लोक काय बोलले, ते बघा. माझा मुद्दा तिथे आहे.

१३ तारखेला त्या मेळाव्याचा संयोजक नगर परिषदेच्या इमारतीबाहेर पत्रकारांशी बोलायला आला. जमलेल्या लोकांनी त्याला बोलू दिलं नाही. हेदरचं नाव घेऊन ते ओरडत राहिले आणि शेवटी तो पोलिसांच्या आडोशाने पळाला. तेव्हा अनेकांनी हळहळत म्हटलं, की अरे, हे बरं नाही, प्रत्येकाला बोलायचा हक्क असतो. मीही तेव्हा असंच काहीसं म्हणाले होते. आज म्हणणार नाही. कोणी कोणावर हात टाकू नये, हे मला आजही मान्य आहे. पण जिच्या मृत्यूला चोवीस तास नीट उलटले नाहीत, तिच्या सोबत्यांनी शांतपणे रांगेत उभं राहून त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं, ही अपेक्षा कोणत्या सभ्यतेत बसते? थोड्याच दिवसांत त्याच माणसाच्या खात्यावरून हेदरला कम्युनिस्ट ठरवणारा आणि तिचा मृत्यू म्हणजे जुन्या हिशेबाची परतफेड आहे असं सुचवणारा मजकूर प्रसिद्ध झाला.

१६ तारखेला पॅरामाउंट नाट्यगृहात शोकसभा झाली. हेदरची आई सूझन ब्रो तिथे जे बोलल्या, ते मी अनेकदा ऐकलंय. माझ्या मुलीला गप्प करायला त्यांनी तिला मारलं आणि उलट तिचा आवाज मोठा करून ठेवला, असं त्या म्हणाल्या. रडत नव्हत्या. मुलगी गेली तरी भांडण पुढे चालवायचं आहे, हे त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. त्याच रात्री हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन विद्यापीठात चालत गेली. पाच दिवसांपूर्वी मशाली ज्या वाटेने गेल्या होत्या, नेमकी तीच वाट त्यांनी धरली. पुन्हा कोणी हल्ला करू नये म्हणून समाज माध्यमांवर जाहीर न करता, एकाने दुसऱ्याला सांगत निरोप फिरवला होता.

आणि राष्ट्राध्यक्ष? घटनेच्या दिवशी ट्रम्प म्हणाले, द्वेष आणि हिंसा अनेक बाजूंनी झाली. १५ तारखेला म्हणाले, दोन्ही बाजूंना फार चांगली माणसं होती. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच पत्रकार परिषदेत ते असंही म्हणाले, की नव-नाझींबद्दल मी बोलत नाही, त्यांचा निषेधच करायला हवा. त्यांचे समर्थक हे वाक्य नेहमी पुढे करतात, आणि ते खरं आहे. पण पुतळ्यासाठी शांतपणे आलेल्या लोकांचा दाखला देताना त्यांनी आदल्या रात्रीचं नाव घेतलं. आदल्या रात्री मशाली होत्या आणि ज्यूंविरुद्धच्या घोषणा होत्या. त्यानंतर सूझन ब्रोंनी जाहीरपणे सांगितलं, की मी राष्ट्राध्यक्षांशी बोलणार नाही, हात हातात घेऊन सॉरी म्हटल्याने हे धुऊन निघणार नाही. यावरही त्यांना पुष्कळ ऐकावं लागलं. शोक करणाऱ्या माणसाने शोकच करावा, राजकारण करू नये म्हणे. मुलीला राजकारणापायी मारलं, तर आईने बोलायचं तरी कशावर?

हे सगळं पहिल्यांदा घडत नव्हतं. अशा वेळी मला शार्लट्सव्हिलपेक्षाही ग्रीन्सबरो जास्त आठवतं. उत्तर कॅरोलिना, ३ नोव्हेंबर १९७९, शनिवार सकाळ. मॉर्निंगसाइड होम्स या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या सरकारी वसाहतीत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेविरुद्ध मोर्चा निघायचा होता. काढणारे कम्युनिस्ट वर्कर्स पार्टीचे. त्यांच्यातले बरेच जण कापड गिरण्यांत आणि रुग्णालयांत कामगार संघटना बांधत होते. जिम वॉलर डॉक्टर होता, डॉक्टरकी सोडून गिरणीत कामाला लागला आणि तिथल्या युनियनचा अध्यक्ष झाला. सँडी स्मिथ बेनेट कॉलेजची माजी विद्यार्थी अध्यक्ष, तीही गिरणीत. बिल सॅम्पसन हार्वर्डमध्ये धर्मशास्त्र शिकलेला. सेसार काउसे क्यूबातून आलेल्या कुटुंबातला, रुग्णालयातल्या कामगारांत काम करणारा. मायकेल नेथन डरममधल्या दवाखान्यात मुलांचा डॉक्टर. क्लॅन आणि नाझींच्या नऊ गाड्यांचा ताफा आला, त्यांनी डिक्कीतून बंदुका काढल्या आणि ८८ सेकंदांत या पाचही जणांना मारलं. टीव्हीचे कॅमेरे सुरू होते.

पोलीस कुठे होते? ताफ्याच्या पुढच्या गाडीत त्यांचाच खबऱ्या होता. मोर्च्याच्या परवानगीची प्रत, मार्गासकट, पोलिसांकडूनच त्याला मिळाली होती. मोर्चेकऱ्यांनी शस्त्रं आणायची नाहीत, ही अट त्याच परवानगीत होती. पोलीस मात्र जेवायला गेले होते. आणि घटनास्थळी ज्यांना पकडलं, त्यांत मोर्च्याचे एक नेते नेल्सन जॉन्सन होते, हाताला सुऱ्याची जखम, आरोप दंगल भडकवल्याचा.

आठवड्याने निघालेल्या अंत्ययात्रेत काही कार्यकर्ते बंदुका घेऊन चालले. मारेकऱ्यांवरच्या राज्याच्या खटल्यात मोर्चेकऱ्यांनी साक्ष द्यायलाच नकार दिला, कारण जे सरकार खबऱ्या पाठवतं त्याच्या न्यायालयावर विश्वास कसा ठेवायचा. मला त्यांचा संताप कळतो, पण हा निर्णय चुकला असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या मोर्च्याचं घोषवाक्यच 'क्लॅनला मरण' असं होतं. आधीच्या पत्रकांत हिंमत असेल तर समोर या, असं आव्हान होतं. ज्या वसाहतीत मोर्चा नेला, तिथल्या रहिवाशांना धोक्याची नीट कल्पना दिली नव्हती. आरोपींच्या वकिलांना स्वसंरक्षणाची गोष्ट रचायला याहून जास्त काय लागतं? १९८० मध्ये फक्त गोऱ्यांच्या ज्यूरीने सगळ्यांना सोडलं. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या खटल्यातही तेच. १९८५ मध्ये दिवाणी दाव्यात मात्र काही क्लॅनवाले, नाझी आणि दोन पोलीस अधिकारी यांना जबाबदार धरलं गेलं, पण पाचपैकी फक्त मायकेल नेथनच्या मृत्यूसाठी. जबाबदार ठरलेल्या सगळ्यांच्या वतीने शहराने जवळपास साडेतीन लाख डॉलर भरले. मायकेलची पत्नी मार्टी हिने आपल्या पैशांतून अन्यायाविरुद्ध लढणाऱ्यांना मदत करणारा निधी उभा केला.

जी गोष्ट मला खरी शिकवून गेली, ती यानंतरची आहे. शहराच्या बोलण्यात या घटनेला 'शूटआउट' म्हणत. म्हणजे दोन टोळ्या समोरासमोर, इकडून गोळ्या, तिकडून गोळ्या. मोर्च्यातल्या एक-दोघांनी उलट गोळ्या झाडल्या, हे खरं. पण मेले ते सगळे एकाच बाजूचे. हा एक शब्द बदलायला गोळीबारातून वाचलेल्यांनी आणि मृतांच्या घरच्यांनी पस्तीस वर्षं घालवली. नेल्सन जॉन्सन पुढे पाद्री झाले, त्यांनी आणि त्यांची पत्नी जॉइस यांनी गावातच राहून, ज्यांनी नावं ठेवली त्याच लोकांत काम केलं. दक्षिण आफ्रिकेच्या धर्तीवर अमेरिकेतला पहिला सत्य आणि समेट आयोग २००४ मध्ये तिथे बसला, तो अशा लोकांच्या खटपटीतून. नगर परिषदेने त्याला पाठिंबा नाकारला. सहा गोरे सदस्य विरोधात, तीन कृष्णवर्णीय बाजूने. तरी आयोग चालला आणि २००६ मध्ये अहवाल आला. त्यात कार्यकर्त्यांच्या भडक भाषेवरही बोट ठेवलंय, आणि पोलिसांचं तिथे नसणं हे सर्वांत मोठं कारण मानलंय. स्वतःच्या चुका छापून येतील हे माहीत असूनही या लोकांनी ती चौकशी मागितली होती. मला त्यांच्याविषयी जो आदर वाटतो तो याचसाठी.

ऑगस्ट २०१७ मध्ये, शार्लट्सव्हिलच्या पाठोपाठ, ग्रीन्सबरोच्या नगर परिषदेने १९७९ साठी माफी मागितली. २०२० मध्ये पुन्हा मागितली, या वेळी पोलिसांना आधीपासून काय ठाऊक होतं याचा उल्लेख करून, आणि त्या पाच जणांच्या स्मरणार्थ विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या ठेवल्या. ४१ वर्षं लागली. त्या पाचांचे आई-बाप ते बघायला किती उरले असतील?

शार्लट्सव्हिलला ग्रीन्सबरोइतकी वाट बघावी लागली नाही, आणि यात तिथल्या कार्यकर्त्यांचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. गाडी चालवणाऱ्याने घाबरून तसं केलं, असं त्याचे वकील सांगत राहिले. पण जखमी झालेले लोक साक्षीला उभे राहिले, कुबड्या घेऊन, शस्त्रक्रियांचे व्रण घेऊन. डिसेंबर २०१८ मध्ये ज्यूरीने त्याला खुनाचा दोषी ठरवलं. जन्मठेप आणि वर ४१९ वर्षं. केंद्राच्या खटल्यात आणखी एक जन्मठेप. नऊ जखमी आणि पीडित लोकांनी मेळाव्याच्या संयोजकांवर दिवाणी दावा लावला. त्यात १८७१ चा, क्लॅनला आवरायला केलेला कायदा बाहेर काढला. त्या कलमांवर ज्यूरीचं एकमत झालं नाही, पण राज्याच्या कायद्याखाली नोव्हेंबर २०२१ मध्ये कट रचल्याबद्दल अडीच कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरली. पुढे वरच्या न्यायालयांत रकमेवरून ओढाताण झाली. मला रकमेपेक्षा 'कट' हा शब्द मोठा वाटतो. कट म्हटलं की 'भिडले' उरत नाही.

सूझन ब्रो एक गोष्ट सतत सांगत आल्या आहेत, आणि ती ऐकायला कोणालाच आवडत नाही. माझी मुलगी गोरी होती म्हणून जगाने एवढं लक्ष दिलं, कृष्णवर्णीय आया वर्षानुवर्षं हेच दुःख घेऊन उभ्या आहेत. स्वतःच्या मुलीच्या नावावर आलेला झोत दुसऱ्यांकडे वळवणं किती अवघड असेल. आणि याच बाईंनी मुलीच्या अस्थी कुठे पुरल्या ते जगाला सांगितलेलं नाही, कारण नाझी तिथे येऊन विटंबना करतील. गावाने फोर्थ स्ट्रीटच्या त्या तुकड्याला हेदरचं नाव दिलं. आईला थडग्यावर मात्र नाव लिहिता येत नाही.

लीचा पुतळा जुलै २०२१ मध्ये हटवला, २०२३ मध्ये वितळवला. त्यावर इथेही लोक वाद घालतील, घाला. माझं त्या गृहस्थांना एवढंच सांगणं आहे, की ग्रीन्सबरोत २०१५ मध्ये उत्तर कॅरोलिना राज्याने लावलेल्या फलकाचा मजकूर एकदा वाचा. 'हत्याकांड' हा शब्द ठेवायचा की नाही यावर नगर परिषदेत बराच खल झाला होता. शेवटी वर शीर्षक आलं 'ग्रीन्सबरो हत्याकांड', आणि खाली कर्ता, तारीख, क्रियापद, कर्म सगळं जागच्या जागी: क्लॅनच्या आणि अमेरिकन नाझी पक्षाच्या लोकांनी ३ नोव्हेंबर १९७९ रोजी कम्युनिस्ट वर्कर्स पार्टीच्या पाच सदस्यांना गोळ्या घालून मारलं, इथून उत्तरेला एक दशांश मैलावर.