मध खराब होत नाही, पण म्हणून बाळाला द्यायचा?

‘जेवताना मुलांना सांगा या 5 भन्नाट गोष्टी’ असं एक रंगीत चित्र सध्या फोनाफोनी फिरतंय. खाली ‘शाळेच्या कँटीनमध्ये जरूर लावा’ अशी आज्ञाही आहे. माझ्याकडे ते तीनदा आलं, तिन्ही वेळा न वाचता पुसून टाकलं. चौथ्यांदा ते दुसरीतल्या भाचीच्या तोंडून आलं. तिच्या शाळेने ते खरोखरच कँटीनच्या भिंतीवर लावलंय. परवा ही बाई मधाच्या बरणीत बोट बुडवून सात महिन्यांच्या भावाकडे निघाली होती. ताईने मनगट धरलं तर म्हणते, “अगं आई, मध कधीच खराब होत नाही, तान्ह्या बाळालाही चालतो. तिथे लिहिलंय!”

तर आधी मधच घेऊ.

टिकण्याबद्दलचं खरं आहे, नाइलाजाने मान्य. मधात पाणी जेमतेम 17-18 टक्के, बाकी जवळजवळ सगळी साखर, त्यात आम्लता. अशा ठिकाणी जंतू वाढू शकत नाहीत, म्हणून झाकण घट्ट असेल तर मध वर्षानुवर्षं टिकतो. (ओल शिरली की आंबतो, पण ते चित्रात मावलं नसावं.) मात्र जंतू वाढत नाहीत म्हणजे मधात ते नसतातच, हा शोध कुणी लावला? क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू मधात निपचित पडून राहू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात इतर जिवाणूंनी आधीच बस्तान मांडलेलं असतं, तिथे या पाहुण्यांची डाळ शिजत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून नीट बसलेली नसते. तिथे हे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. आधी शौचाला होत नाही. मग पापण्या जड होतात, रडण्यातला जोर जातो, दूध ओढवत नाही, मान लुळी पडते. प्रकरण वाढलं तर श्वासाचे स्नायूही थकतात.

आजार क्वचित होतो, हेही सांगते. पण टाळायला काय लागतं? फक्त मध न देणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोटुलिझमवरच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. आणि ‘उकळून देऊ का?’ असं विचारणाऱ्यांसाठी: हे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत.

दुसरी भन्नाट गोष्ट, गोड खाल्लं की मुलं उधळतात. 1995 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडल्याचं त्यात दिसलं नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर मला फारच आवडतो. मुलांना दिलं साखर नसलेलं पेय आणि काही आयांना सांगितलं, साखर दिलीय. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली! दातांसाठी गोड कमी करायचं असेल तर खुशाल करा, पण कारण खरं सांगा.

गाजराने चष्मा जातो म्हणे. जात नाही. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो आणि गाजर तिथे उपयोगी पडतं, एवढंच. चष्मा लागतो तो बहुधा डोळ्याच्या आकारामुळे, आणि गाजर काही बुबुळाला धरून सरळ करत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपले वैमानिक गाजरं खाऊन अंधारात बघतात अशी हूल उठवली होती, खरं तर विमानात रडार होतं. ती हूल अजून कँटीनमध्ये जेवतेय.

गिळलेलं च्युइंग गम सात वर्षं पोटात राहतं? नाही. पचत नाही हे खरं, पण बाकीच्या अन्नाबरोबर काही दिवसांत बाहेर पडतं. ढीगभर गिळू नका, झालं.

केळं वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ‘बेरी’ आहे आणि स्ट्रॉबेरी नाही, हे मात्र बरोबर. पाचात एक.

ताईने शाळेत फोन केला. “सगळीकडे फिरतंय ते, चुकीचं कसं असेल?” असं तिलाच विचारण्यात आलं. तिने माहितीपत्रक छापून नेऊन दिलं, तेव्हा कुठे मधाच्या बरणीच्या चित्रावर पांढरा कागद चिकटला. भाची सांगते, खालचं गाजर चष्मा फेकून अजून हसतंय.