इनिट्रॅमएफएस ओझं नाही

लिनक्स कसं बूट होतं यावरच्या लेखात म्हटलंय की ड्रायव्हर कर्नलमध्येच (सिस्टीमच्या गाभ्यातच) बांधले की इनिट्रॅमएफएसची, म्हणजे बूट होताना मेमरीत उघडणाऱ्या छोट्या तात्पुरत्या फाइलसिस्टीमची, गरज उरत नाही. एका साध्या डिस्कच्या मशीनपुरतं हे पटतं. पण रूट (सिस्टीमची मुख्य फाइलसिस्टीम) एन्क्रिप्ट केलेलं असेल किंवा एलव्हीएमवर (डिस्कची जागा लवचीक व्हॉल्यूममध्ये वाटणाऱ्या व्यवस्थेवर) असेल, तर पासवर्ड विचारणार कोण आणि व्हॉल्यूम शोधून जोडणार कोण? हे काम युजरस्पेसमधले (कर्नलबाहेर चालणारे) प्रोग्रॅम करतात, आणि खरी रूट फाइलसिस्टीम माउंट होण्याआधी त्यांना कुठेतरी जागा हवीच.

लेखातल्या उदाहरणात एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं याच्या यादीत) थेट 'एसडीए१' हे डिस्कच्या विभागाचं नाव लिहिलंय, ते कृपया बदला. ही नावं डिस्क सापडतील त्या क्रमाने मिळतात, आणि तो क्रम दर वेळी तोच राहील याची हमी नसते. मी एकदा दुसरी डिस्क जोडली तेव्हा नावांची अदलाबदल झाली आणि बॅकअपची स्क्रिप्ट भलत्याच डिस्कवर लिहीत राहिली. त्यातले फोटो परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी सगळीकडे यूयूआयडीच (फाइलसिस्टीमचा स्वतःचा ओळखक्रमांक) लिहितो. मात्र बूट करताना कर्नलच्या 'रूट=' या पर्यायापुढे यूयूआयडी दिला तर तो शोधण्याचं काम इनिट्रॅमएफएसच करतं; कर्नलला स्वतःहून पार्टयूयूआयडी (डिस्कच्या विभागाचा ओळखक्रमांक) कळतो, फाइलसिस्टीमचा यूयूआयडी नाही. हा फरक लेखात यायलाच हवा होता.

आणखी एक. डिव्हाइस नोड (डिस्कसारख्या उपकरणांसाठीच्या खास फाइली) युडेव्ह हा युजरस्पेसमधला प्रोग्रॅम तयार करतो, असं लेखात आहे; हे आता तितकंसं बरोबर नाही. २००९ मध्ये २.६.३२ कर्नलमध्ये डेव्हटीएमपीएफएस (या नोडसाठी कर्नलची स्वतःची फाइलसिस्टीम) आलं. ते वापरात असेल तर नोड कर्नलच तयार करतो. युडेव्हकडे परवानग्या, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारी नावं) आणि नियम राहतात.