गुलाब वीतभर छाटायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गुलाबाच्या छाटणीची ‘पारंपरिक गुपितं’ सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: पहिला पाऊस पडला की येणाऱ्या अमावास्येला गुलाब जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा. सात पानांच्या फांद्या जंगली असतात, दिसतील तिथे उडवा. कापलेल्या टोकांना हळद नाहीतर शेण लावा. मुळं उघडी करून आठ दिवस ऊन दाखवा. मग केळीच्या साली आणि चहाचा चोथा घाला, शंभर फुलं गॅरंटीड. काल मावशीने तो पाठवला, खाली एकच ओळ: “उद्या करून टाकते.” म्हणून हे लिहिणं आलं.

आधी सात पानांचं घेऊ, कारण ही थाप सगळ्यात जुनी आणि नर्सरीतली माणसंसुद्धा ती छातीठोकपणे सांगतात. गुलाबाच्या एखाद्या धडधाकट फांदीवर वरून खाली बोट फिरवत या. फुलाच्या लगेच खालच्या पानाला तीन पर्णिका, म्हणजे एकाच देठावरची छोटी पानं (मेसेज त्यांनाच ‘पानं’ म्हणतो), त्याखालच्यांना पाच, आणखी खाली जोमदार भागात कितीतरी वेळा सात. फांदी तीच. मग ती वरून कलमी आणि खालून जंगली कशी? झुडपी गुलाबांच्या अनेक जातींत तर सात-नऊ पर्णिका असणं अगदी नेहमीचं. हा नियम पाळायचा तर अख्खं झुडूपच उपटावं लागेल.

यात अर्धं सत्य आहे, ते कबूल करतो. कलमासाठी खुंट, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधतात ते मुळाकडचं रोप, म्हणून रोझा मल्टिफ्लोरा हा जंगली गुलाब वापरतात, त्याच्या पानाला बहुधा सात ते नऊ पर्णिका असतात. म्हणून अशा खुंटाचा फुटवा सातपानी दिसतो. पण प्रत्येक सातपानी फांदी खुंटाची नसते. फांदी कुठून निघाली ते बघायचं, पानं मोजत बसायचं नाही. पुण्याजवळच्या सोरतापवाडी-उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांकडून येणारं कोणतंही कलमी रोप घ्या. जिथे खुंटावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे फुटव्याचा कोंब, बसवलेला असतो तिथे खोडाला एक फुगीर गाठ असते, कधी कधी प्लास्टिकची पट्टीही तशीच राहिलेली असते. गाठ मातीत गाडली गेली असेल तर दोन बोटं माती उकरा. गाठीच्या खालून निघाला तो खुंटाचा फुटवा. तो सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, कापू नका, बुडाशी धरून खालच्या बाजूला ओढून उपटा. कापलात तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून एकाचे तीन येतात.

आणि गाठीतून किंवा तिच्या वरून जो जाड, लालसर, सरसर वर जाणारा कोवळा धुमारा येतो, तो पाणसोट. पुढची दोन-तीन वर्षं फुलं द्यायची ती त्यानेच. नेमकी त्याच्यावर सात पर्णिकांची पानं असतात. मेसेज वाचून माणसं हाच छाटून टाकतात आणि करडी, भेगाळलेली जुनी लाकडं जपत बसतात. गावठी गुलाब आणि बटण गुलाब बहुतेक वेळा फाट्यापासून, म्हणजे नुसती फांदी मातीत लावून, केलेले असतात. फाट्याच्या झाडाला खुंटच नसतो, तेव्हा जमिनीतून जे येईल ते त्याचं स्वतःचंच.

आता ‘पहिल्या पावसात वीतभर’. मेसेजमधलं सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हे. पुण्यात पाऊस येतो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि परततो ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे झाडाची सगळी पानं आणि फांद्यांतलं साठवलेलं अन्न काढून घेऊन त्याला चार महिन्यांच्या ढगाळ हवेत ढकलायचं. प्रत्येक ओला काप ही बुरशीला उघडी वाट. तिथून डायबॅक सुरू होतो, फांदी शेंड्याकडून खाली काळी पडत येते. मुळात वीतभरच लाकूड ठेवलं असेल तर ती काळी रेघ गाठीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. त्यातूनही जी कोवळी पालवी फुटते तिला काळ्या ठिपक्यांचा बुरशीरोग गाठतो. पान सलग सातेक तास ओलं राहिलं की त्या बुरशीचं काम होतं, आणि जुलैत आपल्याकडे पानं कोरडी कधी असतात?

मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला हलकी छाटणी करतात, हे खरं. पण हलकी म्हणजे वाळलेलं, रोगट आणि पेन्सिलीहून बारीक काढायचं, सुकलेली फुलं दोन-तीन पानांसकट उतरवायची. फार तर एक-पंचमांश उंची. तेही उघडीप बघून. अमावास्येचा संबंध नाही.

मुख्य छाटणी पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला. दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात, साधारण ४५ ते ५० दिवसांनी फूल येतं, म्हणजे डिसेंबरच्या थंडीत, जेव्हा रंग आणि आकार सगळ्यात चांगला मिळतो. मावळातले पॉलिहाऊसवाले १४ फेब्रुवारीचा बाजार धरायला डिसेंबरात छाटतात ते याच हिशेबाने. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या प्रदर्शनासाठी फुलं हवी असतील तर तारखेवरून असंच मागे मोजायचं. फेब्रुवारीत छाटायला सांगणारे व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या देशांतले. इथे तसं केलंत तर फुलं एप्रिलच्या उन्हात उमलून दुपारपर्यंत करपतात.

किती छाटायचं हे जातीवर ठरतं. हायब्रीड टीच्या, म्हणजे लांब दांड्यावर एकेक मोठं फूल देणाऱ्या गुलाबाच्या, चार-सहा जोमदार फांद्या ठेवून त्या ४५ ते ६० सेंटिमीटरवर कापायच्या. झुडपी गुलाबाची उंची फक्त एक-तृतीयांश कमी करायची आणि दर वर्षी एक-दोन सगळ्यात जुन्या फांद्या बुडापासून काढायच्या. तो वीतभर केलात तर हंगामभर फांद्याच वाढवत बसेल. वेली गुलाबाच्या मुख्य फांद्यांना हातच लावू नका, बाजूचे फुटवे दोन-तीन डोळ्यांवर आणा. पहिल्या वर्षीच्या रोपाचं फक्त वाळलेलं काढा.

काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर घ्यायचा. मग कापाकडे नीट बघा. गाभा पांढरा किंवा हिरवट असेल तर ठीक. मध्ये चहाच्या रंगाचा ठिपका दिसला तर आणखी खालच्या डोळ्यावर या, स्वच्छ गाभा लागेपर्यंत. रोगट फांदी कापल्यावर सिकेटर स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसरीला लावू नका. हे एवढं महत्त्वाचं, आणि मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

हळद आणि शेण. हळदीत बुरशीला रोखणारे गुण आहेत, नाही कोण म्हणतं? पण भर पावसात फांदीच्या टोकावर ती किती वेळ टिकणार? ओलं शेण तर कापावर ओल धरून ठेवतं. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून बघितली. झाड जखम भरून काढत नाही, आतून भिंत घालून ती बंदिस्त करतं, हे त्यांनी दाखवलं. जखमेवरच्या लेपांवर त्यांनी सहकाऱ्यासोबत केलेल्या १३ वर्षांच्या प्रयोगांचे निष्कर्ष १९८३ मध्ये छापून आले: लेपाने कूज थांबत नाही. ते काम मोठ्या झाडांवरचं आहे, पण झाकण घातलं की जखम सुरक्षित, ही समजूत त्यातून निकालात निघते. आपल्याकडे डायबॅकचा त्रास जास्त, म्हणून जाड कापांना कॉपर ऑक्सिक्लोराइड पाण्यात घट्ट कालवून लावतात. ते बुरशीनाशक म्हणून. बारीक कापांना तेही लागत नाही, धारदार सिकेटर आणि कोरडी हवा पुरते.

मुळं उघडी करणं ही जुनी पद्धत खरी आहे. थंडी नसलेल्या भागात झाडाला सक्तीची विश्रांती देण्यासाठी, तीही जमिनीतल्या जुन्या गुलाबांना, पाऊस संपल्यावर. तिथे वरची वीतभर माती काढली तरी खोल मुळं शाबूत राहतात. बारा इंची कुंडीत सगळी मुळं कडेला चिकटलेली असतात. गच्चीवरच्या उन्हात ती उघडी टाकलीत तर तंतुमुळं एका दुपारीत वाळतात.

केळीच्या साली आणि चहाचा चोथा आधी कंपोस्टमध्ये टाका, थेट कुंडीत चिलटं होतात. कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड पुष्कळ झाली, तीही फुटवे दिसल्यावर.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच छाटलंय त्यांनी कुंडी पावसाच्या थेट माऱ्यातून काढून उजेड असलेल्या आडोशाला ठेवा. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम घालून एकदा फवारा. फुटवे बोटभर होईपर्यंत खत देऊ नका, पाणी माती वरून सुकल्यावरच. फांदी काळी पडताना दिसली तर काळ्या भागाच्या दोन इंच खाली कापा. आणि यंदा ऑक्टोबरची छाटणी हलकीच ठेवा.