चाळीस मिनिटांच्या भरवशावर राहू नका

तुमच्या लेखात इंदूर-मुंबई अंतर साधारण 505 किलोमीटर आणि विमानाने 40 मिनिटं असं दिलंय. अंतर बरोबर आहे, पण ते सरळ रेषेतलं. वेळ मात्र किलोमीटरला ताशी वेगाने भागून काढलेली दिसते, आणि तशी ती निघत नाही. तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास वेळ असते, कारण ती दार बंद झाल्यापासून मुंबईत विमान जागेवर थांबेपर्यंतची असते. इतक्या कमी अंतरात विमान पूर्ण वेगात फार वेळ राहतच नाही. चढलं की थोड्याच वेळात उतरायची तयारी. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. मागच्या पावसाळ्यात आईला घेऊन गेले तेव्हा आकाशात चार घिरट्या झाल्या. आई माझा हात घट्ट धरून बसली होती. दादा बाहेर ताटकळला, कारण मीच त्याला "पाऊण तासात पोचतो" सांगितलं होतं!

रस्त्याने सेंधवा, धुळे, नाशिकवरून 600 च्या जवळपास पडतं. अवंतिका एक्सप्रेस ही इंदूर-मुंबई रेल्वेगाडी मात्र रतलाम, बडोदा, सुरत असा मोठा वळसा घेते, 800 च्या वर किलोमीटर. म्हणूनच 2024 मध्ये मंजूर झालेल्या 309 किलोमीटरच्या इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाकडे आम्हा इंदूरच्या रामबागेतल्या लोकांचे डोळे लागलेत. लेखात त्याचा उल्लेख हवाच होता. वेळेचा आकडा तेवढा दुरुस्त करा, म्हातारी माणसं घेऊन निघणारे त्यावर विसंबतात.